बेल नसलेलं दार

वसाहतीत चार इमारती होत्या आणि चारही इमारतींत विजेचं जे काही बरंवाईट होई, त्याला एकच माणूस जबाबदार धरला जाई. दिवा लागला तर तो आपोआप लागला आणि नाही लागला तर वायरमनमुळे, असा तिथला साधा हिशेब होता. या वायरमनना मुलं टेस्टरकाका म्हणत, कारण त्यांच्या उजव्या कानावर टेस्टर कायम खोचलेला असे. तो तिथे आहे हे सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं. फक्त टेस्टरकाकांना नसे. स्टुलावर चढले की ते आधी दोन्ही खिसे चाचपत, मग पिशवी उपसत आणि मग खाली उभ्या असलेल्या माणसाकडे संशयाने बघत. घरी बायको म्हणे, "कानावर आहे. कान डोक्याला आहे. आता डोकं कुठं ठेवलंय तेवढं बघा."

माणूस कामाला चोख आणि बोलायला मोकळा. पंखा दुरुस्त करायला जेवढा वेळ लागे, त्याच्या दुप्पट गप्पांना जाई. पण त्यांचा खरा जीव होता तो दारावरच्या बेलवर. "दिवा, पंखा ही घराची गरज," ते म्हणत. "बेल म्हणजे घराचं 'या, बसा'." नवी बेल बसवली की ती ते स्वतः कधी वाजवून बघत नसत. बेल ज्या घरची, त्या घरच्या माणसानं ती आधी वाजवायची, हा त्यांचा नियम. मग कुणाचे तरी आजोबा चपला घालून स्वतःच्याच दाराबाहेर उभे राहत, बटण दाबत, आणि आतून सून दार उघडून "या, या" म्हणे. सगळे हसत. ते हसणं झालं की काका पिशवी आवरत.

अशा माणसाच्या वसाहतीत बेलची बटणं चोरीला जाऊ लागली.

सुरुवातीला नुसताच त्रास होता. दुपारी कुणीतरी बेल वाजवून पळून जाई. मग एक दिवस दुसऱ्या इमारतीतल्या एका दाराचं बटणच नाहीसं झालं. भिंतीतून दोन वायरी मिशांसारख्या बाहेर आलेल्या, बाकी काही नाही. काकांनी नवं बटण बसवलं, तोच शेजारचं गेलं. ते लावतात तोच वरच्या मजल्यावरचं. लोकांच्या नाकी नऊ आले. पाहुणे जिन्यातून नावानं हाका मारू लागले, दूधवाला दारावर बुक्क्या मारू लागला, आणि एका गृहस्थांनी तर दाराला सुतळीनं थाळी आणि चमचा टांगून वर पाटी लावली, 'वाजवा.'

वसाहतीचे सेक्रेटरी बोलण्याआधी घसा खाकरत. या वेळी त्यांनी दोनदा खाकरला. "जुनी बटणं जातात. मग नवी कोण आणतं? वायरमन. बसवतं कोण? वायरमन. मी काही म्हणत नाही." काही न म्हणता त्यांनी हे चारही इमारतींत म्हटलं.

मग रविवारी सकाळी सभा ठरली. तोवर चोर सापडला तर पोलिसांच्या हवाली करायचा. मोठा असेल तर कोठडी, लहान असेल तर सुधारगृह. नाही सापडला तर वसाहतीचं काम दुसऱ्या वायरमनला द्यायचं. काकांचं अर्ध्याहून अधिक आयुष्य या चार जिन्यांत गेलं होतं. काम गेलं असतं तर दुसरीकडे मिळालं असतं, हात धड होते. पण चोरीचा आळ घेऊन त्या फाटकाबाहेर पडायचं, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं.

त्यांनी सापळा लावला. स्वतःच्या जुन्या स्कूटरचा भोंगा काढून तो एका दाराजवळच्या चपलांच्या कपाटात दडवला आणि अशी जोडणी केली, की बटणाचा स्क्रू कुणी फिरवला की भोंगा सुरू. दुसऱ्याच दुपारी तो वाजला. धडाधड दारं उघडली. कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या हातात केरसुणी, एका आजोबांच्या हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. मधोमध घाम पुसत उभे होते सेक्रेटरी.

"मी फक्त स्क्रू घट्ट आहे का, ते बघत होतो," ते म्हणाले.

"स्क्रू ड्रायव्हर घेऊन?" लाटणंवाल्या काकू म्हणाल्या.

"मग काय पळी घेऊन बघू?"

भोंगा काही थांबेना. काका धावत आले आणि टेस्टर शोधू लागले. "कानावर, कानावर," सगळा मजला ओरडला, पण भोंग्यात कुणाचं कुणाला ऐकू जाईना. त्या संध्याकाळपुरते वसाहतीत दोन संशयित झाले, आणि सेक्रेटरी काकांना जास्तच पाण्यात पाहू लागले.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. शुक्रवारी मात्र हसू थांबलं.

पहिल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. अर्धी वसाहत त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. वयामुळे त्यांचे कान मंदावले होते. बेल ऐकू येईना तेव्हा काकांनी त्यांच्यासाठी युक्ती केली होती. बाहेर बटण दाबलं की आत त्यांच्या खुर्चीसमोर लाल बल्ब लागे. बाई कौतुकानं सांगत, "माझ्याकडे पाहुणे वाजत नाहीत, उजाडतात."

गुरुवारी त्यांचंही बटण गेलं. आणि शुक्रवारी परगावी असलेला त्यांचा मुलगा आईला चकित करायचं म्हणून न कळवता आला. दोन गाड्यांच्या मधले तेवढेच काही तास त्याच्या हाती होते. त्यानं दार ठोठावलं, हाका मारल्या. शेजारी कामाला गेलेले. आई बाहेर गेली असेल असं समजून तो निघून गेला. बाई आतच होत्या, दाराकडे पाठ करून वाचत बसलेल्या. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा कडीला पिशवी अडकवलेली दिसली. आत मुलाची चिठ्ठी होती, लोकरीचा स्वेटर आणि त्यांच्या आवडीची बिस्किटं. काका नवं बटण घेऊन गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "आज नको. आता कोण यायचंय?" स्वेटर त्यांच्या मांडीवर होता.

शनिवारी दुपारी चौथ्या इमारतीच्या पंपाची तक्रार आली, म्हणून काका गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागून आवाज येत होता.

"टिंग टाँग." कुणीतरी तोंडानंच बेल वाजवत होतं. मग जाड आवाज काढून, "कोण आहे?" मग साधा आवाज, "मी. भिंगरी." पुन्हा जाड आवाज, "अगं, ये ना. किती दिवसांनी आलीस." थोडं हसू. मग, "ट्रिंग. कोण?" "मी, भिंगरी." "आता अभ्यास चाललाय. नंतर ये."

काकांनी डोकावलं. मोडीत काढलेलं एक जुनं दार टाकीला टेकवून उभं केलं होतं आणि त्यावर वसाहतीतली चोरीला गेलेली सगळी बटणं ओळीनं बसवलेली होती. समोर मांडी घालून बसली होती वरच्या मजल्यावरची भिंगरी, वय बारा-तेरा. एका जागी बसत नाही म्हणून बापानं लाडानं दिलेलं ते नाव.

"तिसरं बटण तिरकं बसलंय," काका म्हणाले.

भिंगरी ताडकन उठली. पळायला जागा नव्हती. जिन्याच्या तोंडाशी काकाच उभे होते.

"कशानं काढलीस?"

"चमच्याच्या टोकानं."

"शॉक बसला असता म्हणजे?"

"बसला ना. दोनदा."

"मग?"

"मग चप्पल घालून काढायला लागले."

काकांच्या अंगावर काटा आला आणि हसूही आलं. दोन्ही दाबून ते खाली टेकले. "का गं?"

भिंगरी पायाच्या अंगठ्यानं गच्चीवरचा पोपडा उकरत राहिली. मग हळूहळू बोलली. बाबा पावाच्या भट्टीवर रात्रपाळीला. दिवसा झोपतात. आई एका आजारी आजींकडे राहून काम करते, सुट्टीच्या दिवशी येते. घरात भांडंसुद्धा वाजवायचं नाही. पूर्वी मैत्रिणी दार वाजवायच्या. बाबा उठायचे, रागवायचे नाहीत, पण मग झोप लागायची नाही. तशाच एका रात्री भट्टीवर डुलकी लागून त्यांचा हात पोळला. "मग मीच सांगितलं सगळ्यांना, येऊ नका म्हणून. त्या खरंच यायच्या बंद झाल्या."

"आणि तू लोकांच्या बेल वाजवायला लागलीस."

"नुसतं बघायला. कोण उघडतंय ते." ती थांबली. "मग सेक्रेटरीकाकांनी जिन्यात कान धरला. सगळ्यांसमोर म्हणाले, ज्यांच्या दाराला बेल नाही त्यांनी लोकांच्या बेलला हात लावू नये. तेव्हापासून मुलं मला बिनबेल म्हणतात. मग म्हटलं, कुणालाच नको."

 भिंगरीच्या दाराची बेल काकांनीच काढली होती. हे कुटुंब राहायला आलं तेव्हा बाप म्हणाला, दिवसा झोपावं लागतं, आणि काकांनी "तुमच्याकडे बेल म्हणजे वैरीणच" असं म्हणून हसत हसत दोन वायरी तोडून टाकल्या होत्या. त्या घरात आणखी कोण राहतं हे त्यांनी, इतक्या गप्पिष्ट माणसानं, विचारलंच नव्हतं.

"बाईंचं बटण कुठलं?" त्यांनी विचारलं.

तिनं एक पिवळं पडलेलं बटण दाखवलं. काकांनी तिला मुलाची, कडीला लावलेल्या पिशवीची हकीकत सांगितली. भिंगरीचा चेहरा उतरला.

"त्यांच्याकडे कुणी येणार होतं, हे मला कुठं माहीत होतं?"

"त्यांनाही नव्हतं. कोण येणार ते आधी कळत असतं, तर बेल लागली असती कशाला?"

भिंगरीनं ते पिवळं बटण बोटानं पुसलं. मग भिंगरीनं विचारलं, "पोलिसांना सांगणार?"

"पंप बघू दे आधी," काका म्हणाले आणि खिसे चाचपू लागले.

"कानावर आहे," भिंगरी म्हणाली.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही काही तिचं नाव सांगणार नाही, हे मी लग्न झाल्यापासून ओळखते," ती म्हणाली. "पण नुसतं पदराआड घालूनही भागायचं नाही. आज बटण पचलं तर उद्या सायकल. आणि पोलिसांत दिलंत तर पोरीच्या नावापुढे चोर लागेल. ते काही तुमच्या स्क्रू ड्रायव्हरनं निघायचं नाही."

"मग करू काय?"

"जिथनं काढली तिथं तिनंच लावायची, तुम्ही बसवलेली नवी काढून. तोंडानं सांगून. तुम्ही फक्त स्टूल धरा आणि मध्ये बोलू नका. जमेल का?"

"स्टूल धरणं जमेल."

त्याच संध्याकाळी काका आणि भिंगरी बाईंच्या दाराशी गेले. काकांनी पिशवीतनं आरसा काढून जिन्याच्या खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप दारावरच्या झरोक्यातून आत पाडली, तेव्हा कुठे बाईंनी दार उघडलं. भिंगरी मान खाली घालून पुटपुटली, "बटण आणलंय."

"काय?" बाईंनी कानाला हात लावला.

"तुमचं बटण. मी काढलं होतं."

"काय म्हणालीस?"

"तुमचं बटण मी चोरलं होतं," भिंगरी बेंबीच्या देठापासून ओरडली. तिन्ही मजल्यांवरची दारं किलकिली झाली. लपवायचं असं आता काही उरलं नाही.

बाईंनी तिला आत घेतलं. "पहिल्यांदाच कळलं होतं गं, बटण दिसत होतं की हातात," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण वर्गात कुणी उत्तर पुटपुटलं की मी तीनदा विचारायची. सवय जात नाही." मग हसू मावळलं. "माझा मुलगा येऊन गेला, कळलं का तुला?"

भिंगरीनं मान हलवली. डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसले नाहीत.

"मला फोनवर नीट ऐकू येत नाही. तू सांग त्याला."

बाईंनी नंबर फिरवून फोन तिच्या हातात दिला. असा कठीण फोन भिंगरीनं पुढे आयुष्यात कधी केला नसेल. तिनं सगळं सांगितलं.  मग पलीकडून तो काहीतरी बोलला. "काय म्हणाला?" बाईंनी विचारलं.

"लगेच सुट्टी मिळणार नाही म्हणाले. परीक्षा संपल्यावर मुलांना घेऊन येतील." भिंगरीनं फोन ठेवला. "आणि म्हणाले, बटण घट्ट लाव."

काकांनी स्टूल धरलं. भिंगरीनं बटण घट्ट लावलं. बाई बाहेर गेल्या, नियमाप्रमाणे बटण दाबलं, आणि आत लाल बल्ब उजळला.

रविवारी सकाळी सभेच्या वेळी सेक्रेटरी वसाहतीच्या सभेच्या खोलीत खुर्च्या मांडून बसले, तरी कुणी फिरकेना. कारण दारोदारी बेल वाजत होत्या आणि प्रत्येक जण आपापलं दार उघडायला घरात थांबला होता. तोंडी बातमी रातोरात पसरली होती. आता आपल्या दाराशी काय होतंय, हे कुणाला चुकवायचं नव्हतं. लाटणंवाल्या काकू भिंगरीला पोटभर बोलल्या आणि दम लागल्यावर तिला पाणी देऊन स्वतःही प्यायल्या. थाळीवाले गृहस्थ म्हणाले, "बटण लाव, पण थाळी राहू दे. मला सवय झालीय." एका घरानं बटण हिसकावून घेतलं आणि तोंडावर दार लावलं. भिंगरी काकांकडे बघू लागली.

"सगळी दारं उघडतातच असं नाही," काका म्हणाले. "चल, स्टूल घे."

शेवटचं दार सेक्रेटरींचं. ते कंटाळून खोलीतून आले, तर जिन्यात ही गर्दी, आणि पुढे कठड्याला धरून उभ्या बाई. भिंगरीनं आता न पुटपुटता सांगितलं, "तुमचं बटण मी काढलं होतं. माझी चूक झाली."

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "चूक नाही, चोरी. चोराला असं सोडायचं तर नियम करायचे कशाला?"

"सोडलं कुठं?" बाई म्हणाल्या. "चार जिने फिरवलंय तिला. आमच्या शाळेत एकदा एका मुलानं घंटा बडवायचा हातोडा विहिरीत टाकला होता. आम्ही नाही बोलावले पोलीस. पुढचं सबंध वर्ष घंटा त्यानंच द्यायची, असं ठरवलं. तेव्हापासून तो मुलगा वेळेचा इतका पक्का झालाय, की आज रिकाम्या खुर्च्यांसमोरसुद्धा वेळेवर बसला."

जिन्यातल्या सगळ्या माना सेक्रेटरींकडे वळल्या. मग लाटणंवाल्या काकू आधी हसल्या, आणि हसू मजल्यामजल्यानं खाली उतरत गेलं. सेक्रेटरींनी पुन्हा घसा खाकरला. त्यांनी हात पुढे करून स्वतःच्या दाराची बेल वाजवली.

"या, या," आतून त्यांची बायको म्हणाली.

आत पाऊल टाकता टाकता ते काकांना म्हणाले, "काम तुमच्याकडेच राहील. मी काही म्हटलंच नव्हतं." मग भिंगरीकडे वळले, जरा घुटमळले. "ते बिनबेल वगैरे... मी सांगतो मुलांना."

एवढ्यात खालून भिंगरीचे बाबा आले. भट्टीवरून थेट, केसांवर पीठ. मुलीच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आणि भोवती सगळी वसाहत बघून ते जागीच थांबले. भिंगरीनं त्या सकाळी शेवटचं एकदा सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग पोळल्याचा डाग असलेला हात त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर ठेवला.

"तुमच्या दाराची बेल मी काढली होती," काका म्हणाले. "आज मीच लावतो."

"लावा हो, पण माझी झोप..."

"वाजणार नाही. उजाडेल."

दारापासून स्वयंपाकघरापर्यंत वायर गेली, ओट्याच्या वर बल्ब बसला. वायर भिंगरीनं ओढली, स्क्रू तिनंच आवळले. मग काका म्हणाले, "आता घरच्या माणसानं वाजवायची." बाबा कायम आपल्या किल्लीनं, चाहूल लागू न देता घरात शिरत आलेले. ते अवघडून बाहेर जाऊन उभे राहिले. दार लागलं. भिंगरी बल्बकडे टक लावून बसली. बल्ब लागला. तिनं दार उघडलं.

"कोण पाहिजे?"

"भिंगरी आहे का घरी?"

"आहे. पण अभ्यास चाललाय."

बाबांनी काकांकडे पाहिलं, मग मुलीकडे. "मग नंतर येऊ?"

"नको," भिंगरी म्हणाली. "या, या."

तो बल्ब पंधरवडाभरसुद्धा टिकला नाही. दुपारभर मैत्रिणी तो लावत, पाय न वाजवता आत येत आणि आतल्या खोलीत बाबा घोरत असताना स्वयंपाकघरात तोंडावर हात दाबून हसत बसत. नवा बल्ब लावायला काका आले, ओट्यावर चढले आणि खिसे चाचपू लागले.

भिंगरी कुजबुजली, "कानावर."